बंदुकीच्या हौशी कामासाठी मिलिंग मशीन घेताय? आधी खांब बघा

छोटं मिलिंग मशीन घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "मोटर किती वॅटची?" मी टूलरूममध्ये मिलिंगवर नोकरी केली. आता घरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये हौस म्हणून साइट बसवणं, स्कोपचे माउंट करणं, जुन्या एअर रायफलींचे झिजलेले भाग नव्याने करणं असली कामं करतो. मोटरचा प्रश्न मी चौथ्या-पाचव्या नंबरावर टाकतो. माझा पहिला प्रश्न असतो, हेड (मोटर आणि कटर असलेला भाग) ज्या खांबावर वर-खाली होतं तो गोल आहे की चौकोनी?

हा प्रश्न पहिला का, ते कळायला या छंदात मिलिंगवर नेमकं काय येतं ते बघायला हवं. रिसीव्हरच्या, म्हणजे बॅरल ज्यात बसते त्या भागाच्या, माथ्यावर एका ओळीत भोकं पाडून त्यात आटे पाडणं. बॅरलवर साइटसाठी डोव्हटेल, म्हणजे तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद, खाच काढणं. माउंटचा तळ गोलाईला बसता करणं, रेलवर आडव्या खाचा घेणं. अधूनमधून बट प्लेट, एखादा स्क्रू, लाकडी दस्त्यातली खोबण. आणि या सगळ्यापेक्षा जास्त वेळ जातो तो जॉब धरायचे जिग आणि फिक्स्चर बनवण्यात. बॅरलच्या टोकाचे आटे आणि तोंडाचं फिनिश हे लेथचं काम आहे. लेथ अजून घेतलेला नसेल तर पैसे आधी तिकडे घाला.

कायद्याचं एकदाच सांगून टाकतो. कुठल्या कामाला परवाना लागतो हे देशागणिक बदलतं, त्यामुळे आपल्याकडचा नियम वाचून मगच हात लावायचा. बोल्ट, तो जागेवर अडकवणारे लॉकिंग लग आणि ट्रिगर मी घरी उघडतच नाही, ते परवानाधारक कारागिराकडे जातं. तिथली चूक चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटते.

गोल खांब आणि चौकोनी खांब

स्कोप बेसचं एक भोक कसं पडतं ते बघू. जॉब वाइसमध्ये धरला, एज फाइंडरने कडा पकडली, मध्य काढला. कोलेटमध्ये (कटर धरणाऱ्या बाहीत) आखूड सेंटर ड्रिल लावून खूण केली. आता ड्रिल चक लावायचा, त्यात ३ मिमीच्या आसपासचं ड्रिल. अमेरिकी स्कोप बेसला बहुतेक वेळा ६-४८ आटे (६ नंबरचा स्क्रू, इंचाला ४८ आटे) असतात, त्याला ३१ नंबरचं, म्हणजे ३.०५ मिमीचं ड्रिल लागतं. चक आणि ड्रिल मिळून सेंटर ड्रिलपेक्षा कितीतरी लांब, म्हणजे हेड वर घ्यावंच लागतं. पुढे टॅपसाठी पुन्हा उंची बदलते.

गोल खांबाच्या मशीनवर, उदाहरणार्थ आरएफ-३० या जातीच्या मिल-ड्रिलवर, हेडचा क्लॅम्प सैल केला की हेड खांबाभोवती फिरायला मोकळं होतं. वर घेऊन परत आवळलं की स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) जुन्या बिंदूवर येईलच असं नाही. काही जण हेडवर लेझर बसवून समोरच्या भिंतीवर रेघ पाडतात आणि दर वेळी ठिपका त्या रेघेवर आणतात. युक्ती चालते, पण मग संध्याकाळ भिंतीकडे बघण्यातच जाते.

चुकीचा हिशेब सोपा आहे. पुढचं आणि मागचं भोक यांच्यात १०० मिमी अंतर आहे आणि त्यातलं एक बोअरच्या रेषेपासून ०.१ मिमी बाजूला गेलं, तर बेस तेवढा तिरका बसतो. तोच तिरकेपणा १०० मीटरवर १०० मिमी होतो. स्कोपच्या विंडेज (नेम डावी-उजवीकडे हलवणाऱ्या) स्क्रूने तो भरून काढता येतो, पण मग स्क्रूची काही फिरकी तिथेच खर्ची पडते.

म्हणून खांब चौकोनी हवा आणि त्यावर डोव्हटेल सरकपट्टी हवी. हेड कितीही वर-खाली केलं तरी त्याच रेषेत राहतं. आरएफ-४५ जातीची मशीनं अशी असतात. सीग या कंपनीच्या एक्स-२, एक्स-३ आणि त्यांच्या भावंडांचाही खांब असाच असतो. ही मशीनं वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी आणि रंगांत विकली जातात, म्हणून स्टिकरपेक्षा ओतकाम बघा.

चौकोनी खांबातही एक पोटभेद आहे. एक्स-२ च्या मूळ रचनेत खांब तळाशी एका मोठ्या नटावर बसतो आणि डावी-उजवीकडे कलतो. जाहिरातीत ही सोय म्हणून सांगतात. मला ती नको. तिरका कट घ्यायचा झाला तर जॉब तिरका धरता येतो. कलणारा खांब मात्र कट लागला की तळाशी लवतो आणि एकदा सरळ लावला तरी विश्वासाचा राहत नाही. याच आकारात पक्क्या खांबाचं मशीन मिळत असेल तर तेच घ्या.

कागदावरची उंची आणि हातात उरलेली उंची

माहितीपत्रकात 'स्पिंडल ते टेबल' असा आकडा असतो, समजा २८० मिमी. ऐकायला ऐसपैस वाटतं. आता वाइस ठेवा. वाइसची उंची आणि त्यावर डोकावणारा जॉब धरून १०० मिमी गेले. १३ मिमीचा चक आर्बरसकट, म्हणजे स्पिंडलमध्ये बसणाऱ्या दांड्यासकट, साधारण १०५ मिमी घेतो. ३ मिमीचं साधं ड्रिल चकबाहेर ३५ मिमी निघतं. २४० झाले, ४० उरले. इथवर ठीक.

आता त्याच जॉबला ८ मिमीचं ड्रिल मारायचंय. साध्या लांबीचं ८ मिमी ड्रिल ११७ मिमी लांब असतं, त्यातलं ८५ तरी बाहेर राहतं. १००, १०५ आणि ८५ मिळून २९०, म्हणजे मशीन संपलं. वाइसखाली फिरता बेस किंवा रोटरी टेबल असेल तर त्याआधीच संपलं असतं.

यावर इलाज आहेत. आखूड म्हणजे स्टब ड्रिल वापरा, त्यात ८ मिमीचं ७९ मिमीत बसतं. चकऐवजी कोलेटमध्ये ड्रिल धरा. वाइसचा फिरता बेस काढून कपाटात ठेवा, माझा तिथेच असतो. तरी मशीन ठरवताना आपला सगळ्यात उंच जॉब, त्याचं धरायचं साधन आणि सगळ्यात लांब ड्रिल यांची बेरीज कागदावर करा आणि वर निदान ५० मिमी हवा सोडा.

आडव्या अंतराची एवढी चिंता नको. स्कोप बेसची भोकं बोल्ट-रिसीव्हर मिळून होणाऱ्या लांब अ‍ॅक्शनवरसुद्धा साधारण १५० मिमीत मावतात आणि एक्स-२ च्या टेबलाची लांबीतली चाल सुमारे २२० मिमी आहे. अडचण असते ती टेबलाबाहेर लोंबणाऱ्या लोखंडाची. बॅरलच्या तोंडाजवळ साइटची खाच काढायची तर उरलेली सगळी बॅरल एका बाजूला हवेत असते. तिच्या वजनाने हलक्या मशीनचं टेबल त्या बाजूला दबतं, गिब, म्हणजे सरकीतली ढील काढणारी पट्टी, घट्ट असूनही. जमिनीवरून टेकू दिला तर टेबल सरकताना टेकू तिथेच राहतो. मी टेबलाच्या टी-स्लॉटला एक जाड लांब अँगल बोल्ट करतो आणि बॅरलला त्या अँगलवर व्ही-ब्लॉकचा आधार देतो, म्हणजे आधार टेबलाबरोबर चालतो. यासाठी मशीनच्या दोन्ही बाजूंना बॅरलएवढी मोकळी जागा लागते. कोपऱ्यात मशीन ठोकणाऱ्यांना हे उशिरा लक्षात येतं.

वजनाला पर्याय नाही

सगळ्या मिलिंगवाल्यांच्या मनातलं मशीन म्हणजे ब्रिजपोर्ट. १९३८ पासूनची ती रचना, वजन टनाच्या आगेमागे. घरात ते झेपत नाही म्हणून आपण खाली उतरतो. एक्स-३ च्या आकाराचं मशीन दीडशे किलोच्या पुढे, एक्स-२ पन्नासच्या आसपास, शेरलाइनसारखं टेबलावरचं मशीन पंधरा-सोळा, आणि प्रॉक्सन एमएफ-७० तर सात किलो. शेवटच्या दोघांत दोष काही नाही. घड्याळाचे भाग, छोटे नमुने, पितळ, अ‍ॅल्युमिनियम ही त्यांची कामं. प्रॉक्सनच्या त्या मशीनचा कमीत कमी वेगच मिनिटाला ५००० फेरे आहे, त्यावर पोलादात ८ मिमीचा कटर चालवायचा विचारही करू नका.

वजन का हवं, हे डोव्हटेल खाचेवर कळतं. साइटच्या खाचेसाठी लागणारा कटर वर बारीक आणि खाली रुंद असतो. त्याची मान काडीसारखी. साध्या एन्डमिलने (टोक आणि बाजू दोन्हींनी कापणाऱ्या कटरने) कट थोडाथोडा खोल करत जाता येतं, इथे ते जमत नाही. कटर पहिल्यापासून पूर्ण खोलीवरच लावावा लागतो, नाहीतर तिरकी भिंत पायरीपायरीने निघते. म्हणून आधी ६ किंवा ८ मिमी एन्डमिलने सरळ खाच काढून बहुतेक माल उडवायचा, तळाला थोडासाच ठेवायचा. मग डोव्हटेल कटर पूर्ण खोलीवर आणून मधून एक कट, त्यानंतर एकेका भिंतीला ०.०५ मिमी देत रुंदी वाढवायची. दर कटानंतर बर (कडेला उरलेली धातूची कोर) काढून साइट सरकवून बघायची. ती हाताने एक तृतीयांश आत गेली आणि अडली की थांबायचं, पुढचं काम पितळी ड्रिफ्टचं, म्हणजे हातोडीने ठोकायच्या कांडीचं. फीड नेहमी कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध.

बॅरल बहुतेक वेळा ४१४० जातीच्या पोलादाची असते, म्हणजे आपल्या ईएन-१९ च्या घरातली. त्यात पूर्ण खोलीवर कटर असताना खांब किंवा हेड थरथरलं की आवाज बदलतो, किंचाळल्यासारखा येतो, आणि दुसऱ्या क्षणी मान तुटून कटरचं डोकं खाचेत अडकलेलं असतं. म्हणून मशीन बघायला गेलो की मी एकच मागणी करतो, पोलादाच्या तुकड्यात १० मिमी एन्डमिलने पूर्ण रुंदीचा १ मिमी खोल कट घेऊन दाखवा. विक्रेता अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा पुढे करायला लागला तर काय समजायचं ते समजा.

जागा आणि पाठ यांना झेपेल तेवढं जड मशीन घ्या. जिना असेल तर हेड, खांब आणि बेस सुटे करून नेता येईल का, तेही विचारा. चौकोनी खांबाची बरीच मशीनं अशी सुटी होतात.

स्पिंडल, मग मोटर

टूल बसायच्या स्पिंडलच्या शंकूसारख्या भोकाचे छोट्या मशीनवर तीन प्रकार दिसतात, एमटी-२ किंवा एमटी-३ मोर्स टेपर, आणि आर-८. मोर्स टेपर चांगला धरतो, पण सोडत नाही. ड्रॉबार (टूल वरून ओढून धरणारा बोल्ट) सैल करून दर वेळी वरून हातोडीचा फटका द्यावा लागतो, आणि छोट्या मशीनमध्ये तो फटका बेअरिंग खातं. आर-८ चा उतार जास्त, हलक्या टिचकीने सुटतो, आणि त्याची टूलं भरपूर मिळतात. निवड हातात असेल तर आर-८. एमटी-३ चं चांगलं मशीन समोर आलं तर निव्वळ यासाठी सोडू नका. त्यात एक ईआर-२५ कोलेट चक कायमचा बसवा आणि आतलाच कोलेट बदलत राहा. ईआर-२५ मध्ये १६ मिमीपर्यंतचा दांडा बसतो, घरच्या कामाला पुरून उरतो.

आता मोटर. वॅटपेक्षा विचारायचं ते हे, की कमी वेगात जोर राहतो का? एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटर साध्या पोलादात मिनिटाला २५ मीटरने चालवायचा धरला तर १० मिमी कटरला सुमारे ८०० फेरे येतात, ६ मिमीला १३००, ३ मिमीला २६५०. ४१४० ला त्याहून कमी घ्या. डोव्हटेल कटर मी साध्याच्या निम्म्या वेगाने चालवतो, म्हणजे ४०० च्या आसपास. ब्रशवाली डीसी मोटर नुसत्या नॉबने तिथवर खाली आणली की तिचा जोर मरतो. गिअर किंवा पट्ट्याची खालची पायरी हवी, नाहीतर ब्रशलेस मोटर. एक्स-२ च्या जुन्या मशीनांत प्लास्टिकचे गिअर असतात, अडकलेल्या कटावर त्यांचे दात जातात. त्याऐवजी पट्टा बसवायचे किट मिळतात आणि मशीनचा आवाजही निम्म्यावर येतो.

थ्री-फेज मोटरचं जुनं मशीन स्वस्तात दिसलं तर घाबरू नका. सिंगल फेजवर चालणारी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावली की चालतं आणि वेग बदलायची सोयही मिळते. वायरिंग मात्र जाणकाराकडून करून घ्या.

डायल

एक्स-२ च्या इंची मशीनांवर एक गंमत आहे. स्क्रूला इंचाला १६ आटे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात ०.०६२५ इंच. डायलवर साडेबासष्ट भाग! तीन फेरे आणि वर बारा भाग म्हणजे किती, हे भोक पाडताना मनात करून बघा. मशीन बघताना चाक एक फेरा फिरवून टेबल खरोखर किती सरकलं ते डायल गेजने मोजा. मेट्रिक हवं असेल तर फेऱ्याला २ मिमी असा पूर्ण आकडा असलेला स्क्रू सोयीचा.

डीआरओ (टेबलाची जागा आकड्यात दाखवणारा डिजिटल रीडआउट) बसवलात तर हा त्रासच मिटतो. माझं मत विचाराल तर पॉवर फीडच्या (टेबल मोटरने सरकवायच्या सोयीच्या) आधी डीआरओ घ्या. पिकाटिनी (स्कोप लावायच्या ठरावीक मापाच्या) रेलच्या खाचा काढायच्या तर ५.२३ मिमी रुंदीची प्रत्येक खाच मध्यापासून मध्यापर्यंत १०.०१ मिमीवर येते, आणि मोजणी दर वेळी एकाच शून्यापासून झाली नाही तर दहाव्या खाचेपर्यंत चूक साठत जाते. स्क्रू-नटमधली ढील नव्या छोट्या मशीनवरही ०.१ ते ०.२ मिमी सापडते. डीआरओ टेबलाची खरी जागा दाखवतो, पण ढील काढत नाही. कटरने जॉब आत ओढला तर टेबल तेवढं उडी मारणारच. त्यासाठी काम न चालणाऱ्या सरकीचा लॉक आवळायची सवय हवी, आणि मशीनला ते लॉक तिन्ही बाजूंना आहेत ना, हे बघायला हवं.

वापरलेलं मशीन घेताना

नवं-जुनं यात माझा कल चांगल्या जुन्याकडे. तपासणी अर्ध्या तासाची. टेबल मध्यावर आणून गिब असा आवळा की चाक जेमतेम फिरेल, मग टोकाकडे न्या. टोकाला टेबल जाम झालं तर मधला भाग झिजलाय, कारण काम नेहमी मध्येच होतं. स्पिंडलच्या आतल्या टेपरला डायल गेज टेकवून हाताने फिरवा. ०.०१ मिमीच्या आत असेल तर उत्तम, ०.०३ दिसलं तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करा. मग स्पिंडल धरून वर-खाली ढकला, टकटक जाणवता कामा नये. टेबलावर ड्रिलने पडलेली भोकं असतील तर ती निव्वळ कुरूप. पण ज्याने टेबलाला भोकं पाडली त्याने तेलही घातलं नसेल, असं मी धरून चालतो.

बाकी सामान

मशीनवर सगळे पैसे संपवू नका. वाइस, कोलेट, कटर, क्लॅम्प संच, पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या), डायल गेज, एज फाइंडर हे धरून जवळपास मशीनइतकाच खर्च पुन्हा होतो. वाइसमध्ये कंजुषी नको. ड्रिल प्रेसचा वाइस आवळताना हलणारा जबडा वर उचलतो आणि जॉब तिरका होतो. आवळताना जबडा खाली ओढणारा मिलिंग वाइस घ्या, छोट्या मशीनला ७५ ते १०० मिमी रुंदीचा पुरतो. त्याहून मोठा घेतलात तर उंचीही तोच खाऊन बसतो.

कार्बाइडचं एखादं ड्रिल संग्रही असू द्या. माउझर ९८ सारख्या जुन्या अ‍ॅक्शनचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, तिथे एचएसएस नुसतं घसरतं. अर्थात मूळ अवस्थेतली जुनी लष्करी रायफल समोर आली तर भोक न पाडणंच शहाणपणाचं. एका भोकाने तिची संग्राहकांच्या लेखी किंमत जाते आणि ते भोक परत भरता येत नाही.

मशीन आलं की त्यावरचं लाल-पिवळं ग्रीस रॉकेलने धुवा आणि लगेच तेल लावा. तेल विसरलात तर ओतीव लोखंड पावसाळ्यात रात्रीतून गंजतं. मजबूत बेंचला बोल्ट करा. मग स्पिंडलला डायल गेज बांधून टेबलावर १५० मिमीचा गोल फिरवा. डावी-उजवी, पुढे-मागे चारही बिंदूंवर ०.०३ मिमीच्या आत येईपर्यंत खांबाच्या तळाशी शिम (पातळ पत्रे) घालत राहा. एक दुपार जाते. चष्मा लावा, कीस ब्रशने झाडा, हाताने नको. पहिला कट बॅरलवर घेऊ नका, त्याच जातीच्या पोलादाचा गोल तुकडा आणून त्यावर डोव्हटेल काढा आणि साइट बसते का बघा.